शनीकडचं वाण

२० जानेवारी, गुरुवार

ही डायरी ह्यांच्या ऑफिसातली, १९९४ ची. कोरी पडली होती. सलोनी म्हणाली, आजी, या वर्षी वार अगदी तेच आहेत, फेब्रुवारी संपेपर्यंत चालेल. म्हटलं, सरकारी माल आहे, तेवढा टिकला तरी खूप. मी चौथी पास, तीही मिरजेच्या मास्तरांनी कंटाळून केलेली, तेव्हा अक्षर असंच असणार. वही तांदळाच्या डब्यात ठेवणार आहे. या घरात तांदूळ माझ्याशिवाय कुणी काढत नाही.

लिहायला बसले, कारण भांडायला कुणी नाही. हे आज नागपूरला गेले. धाकटे दीर श्यामकांत यांचा मोतीबिंदू काढायचाय, त्यांना पेपर वाचून दाखवायला माणूस हवा. रथसप्तमीला परत येणार.

जाण्याआधी दोन दिवस ह्यांची बांधाबांध चालली होती. कपड्यांची नव्हे. कपडे मी भरले. ह्यांनी बाहुले बांधले.

बाहुल्यांचं सांगायला हवं. एकवीस आहेत. वीतभर उंचीचे, प्लास्टिकचे, हातपाय वळणारे. एकाला तीन डोळे. एकाला खेकड्याच्या नांग्या. एक बाई आहे, कातडी पालीची आणि कंबर नटीची. एक घंगाळासारखा, लोखंडी रंगाचा, त्याच्या पोटात दिवा लागतो. सगळ्यांचा साहेब कमांडर ओरोक, निळ्या तोंडाचा, जसा काही कुणी गळा आवळून धरलाय. केबलवर दुपारी साडेचारला ‘गगनदल’ म्हणून चित्रांचा कार्यक्रम लागतो, त्यातले हे लोक. प्रत्येक ग्रहावर एक चौकी, चौकीवर दोन-तीन शिपाई, आणि बाहेरून कोणीतरी सारखं चाल करून येतंय. एकदा सांगितलं की कळतं, पण ते रोज सांगतात.

हे दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून आम्ही मुलाकडे, यशोधनकडे, गुडगावला आलो. तो मानेसरला मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. चौथा मजला, समोर मोहरीचं शेत आणि शेतात पाटी, की इथे शॉपिंग सेंटर होणार. ह्यांना छत्तीस वर्षं चार्टर्ड बसची सवय. इथे आल्यावरही महिनाभर साडेआठला डबा घेऊन गेटवर उभे राहायचे. वॉचमन विचारायचा, बाबूजी, किसका इंतज़ार है? मग ते थांबलं. मग दाढी थांबली. स्वेटर घालून गॅलरीत बसायचे आणि मोहरी बघायचे. मी पुष्कळ बोलले. माझ्या बोलण्याने माणूस हलला असता तर आम्ही सगळे केव्हाच दिल्लीत परत गेलो असतो.

मग दुधात घालायच्या पावडरीच्या डब्यावर एक बाहुला फुकट आला, तो तीन डोळ्यांचा. ह्यांनी हातात घेतला, उलटा केला, तळपायावरचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाले, याला नंबर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली.

तेव्हापासून रोज नऊ वाजता दाढी करून टेबलाशी. बाहुले ओळीने मांडायचे आणि हजेरीपट उघडायचा. नाव, नेमणुकीचं ठिकाण, हजेरी, शेरा. पालीचा पाय निखळला तेव्हा तिला पंधरा दिवस वैद्यकीय रजा दिली होती. मला हा धडधडीत वेडेपणा वाटतो. पण दाढी होते. मला दाढी केलेला नवरा हवा, बाकीचं देव बघेल.

उद्या बैठकीला रंग द्यायला माणसं येणार, म्हणून ह्यांनी एकेका बाहुल्याला खाकी कागदात गुंडाळून वर सुतळी बांधली आणि खोकं माळ्यावर ठेवायला लावलं. उरलेला कागद मला दिला. रविवारी आपल्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, माझं वाणही त्यातच बांधलं. लिंबू पिळायची यंत्रं आणलीत, पंचवीस, सदर बाजारातून. सलोनीने विचारलं, वाण म्हणजे रिटर्न गिफ्ट का? म्हटलं, नाही. रिटर्न गिफ्ट देऊन माणूस विसरतो. वाण लुटायचं असतं, आणि एकदा लुटलं की परत मागायचं नसतं.

कागदात बांधलं त्याला कारण सुहासिनी. आर. के. पुरमला आमच्या वरच राहायची, अजून तिथेच आहे. गेल्या वर्षी माझ्या चहाच्या गाळण्यावर तिने सगळ्यांदेखत टिचकी मारली आणि म्हणाली, प्लास्टिक वाटतं. या वर्षी मार टिचकी.

२३ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू झालं. एकवीस बायका आल्या. दिल्लीच्या बायकांना गुडगाव म्हणजे दुसरा देश, तिथले रिक्षावाले हद्दीवर उतरवून देतात, तरी आल्या. चेतनाने, म्हणजे सुनेने, हळदकुंकू लावलं, सलोनीने गुलाबपाणी उडवताना दोघींच्या डोळ्यांत उडवलं, मी पुड्या दिल्या. यशोधनने माळ्यावरून खोकं काढून दिलं होतं, ते मोबाईलवर कारखान्याशी बोलत बोलत. त्याला एका वेळी एकच काम केलं तर कमीपणा वाटतो.

सुहासिनीने पुडी दाबून पाहिली. म्हणाली, “वहिनी, यात हातपाय लागतायत हो.”

म्हटलं, पिळायचं यंत्र आहे, त्याला हात असणारच. घरी जाऊन उघडा.

मोठ्या समाधानाचा दिवस. एकच खटकलं. पंचवीस पुड्या हव्यात, खोक्यातून एकवीसच निघाल्या. सदर बाजारच्या माणसाने चार कमी घातल्या. तोंडाने माताजी माताजी करत होता तेव्हाच ओळखायला हवं होतं. बायकाही एकवीसच आल्या म्हणून अब्रू राहिली.

२४ जानेवारी, सोमवार

खालच्या मजल्यावरच्या मिसेस भसीन सकाळी वर आल्या. पंजाबी आहेत, पण तिळाच्या लाडवांसाठी दरवर्षी येतात. हातात घंगाळ्या. म्हणाल्या, माताजी, इससे नींबू कैसे निचोड़ते हैं? त्याच्या डोक्यावर अर्धं लिंबू दाबून पाहिलं होतं बिचारीने. पोटात दिवा लागला, रस काही निघाला नाही.

मी भिंतीला धरून खाली बसले. भिंतीचा कच्चा रंग हाताला लागला तो अजून निघत नाही.

माळ्यावर दुसरं खोकं तसंच. आत पंचवीस लिंबूयंत्रं. सदर बाजारचा माणूस प्रामाणिक निघाला, म्हणजे दोष देण्याजोगं कोणी उरलं नाही.

मिसेस भसीनना यंत्र दिलं, घंगाळ्या घेतला. त्यांच्यात वाणाचा विधिनिषेध नाही, त्या खूश होऊन गेल्या. घंगाळ्याच्या सांध्यात लिंबाची बी अडकली होती, ती सुईने काढली.

वीस बाहेर आहेत.

२५ जानेवारी, मंगळवार

विचार केला.

परत मागावं, तर वाण मागता येत नाही. सुवासिनीला दिलेलं वाण परत मागणं म्हणजे तिचं कुंकू परत मागण्यासारखं. शिवाय सुहासिनीला कळलं तर पुढची दहा वर्षं महिला मंडळाच्या बैठकी माझ्याच नावाने सुरू होतील.

ह्यांना सांगावं, तर हे ओरडणार नाहीत. ओरडले असते तर कशाला काळजी? हे ‘बरं’ म्हणतील आणि गॅलरीत जाऊन बसतील. मग मोहरी आणि वाढलेली दाढी.

नवे आणावेत, तर ह्यांनी प्रत्येकाच्या तळपायाला पेन्सिलीने आपला नंबर घातलाय. तेच हवेत. रथसप्तमीला अठरा दिवस आहेत.

चेतना म्हणते, सगळ्यांना फोन करून खरं सांगून टाकू, आई. ही पिढी फार लवकर खरं बोलते.

२७ जानेवारी, गुरुवार

काल परेडमुळे रस्ते बंद, आज गेले. हरियाणा रोडवेजने धौला कुआँ, तिथून आर. के. पुरम. चेतना बरोबर होती.

सुहासिनीच्या टीव्हीवर लेसचा रुमाल आणि रुमालावर कमांडर ओरोक. बाजूला गणपती. मला बघून म्हणाली, “या वर्षी वाण अगदी मॉडर्न दिलंत. आमच्याकडे बघायला येतात. हे म्हणाले, वहिनींचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

खरं तर पाय धरायचे ठरवून गेले होते. पण तिने डोकं काढलं आणि माझं तोंड आपसूक सुरू झालं. म्हटलं, हे साधं वाण नव्हे. शतक बदलताना एकदाच लुटतात. ग्रहांवरचे शिपाई आहेत हे. आपल्या घरी पाहुणचाराला येतात, आणि रथसप्तमीला सूर्याचा रथ वळला की ज्या घरून आले त्या घरी मूठभर तांदळासकट पोचवायचे.

तिने विचारलं, नाही पोचवले तर?

म्हटलं, मग मुक्काम करतात.

“आणि हा कुठल्या ग्रहावरचा?”

आता हे मी रचलं नाही. हजेरीपटात ओरोकच्या पुढे ‘शनी चौकी’ असंच लिहिलंय, रोज फडका मारताना बघते. म्हटलं, शनीकडचा.

सुहासिनीने त्याच्या खालचा लेसचा रुमाल हळूच ओढून घेतला आणि गणपती दुसऱ्या खोलीत नेला. म्हणाली, आत्ताच घेऊन जाता का?

आणि इथे मी चुकले. हो म्हणायला हवं होतं. पण रथसप्तमी माझ्याच तोंडून गेली होती, आणि एवढी छान रचलेली गोष्ट अर्ध्यात कशी मोडायची? म्हटलं, छे, आधी पाठवला तर रागावतो.

बसमध्ये चेतना तोंडावर पदर घेऊन बसली होती. धुळीचा त्रास होतो म्हणे तिला.

३० जानेवारी, रविवार

सुहासिनीला एक गोष्ट सांगितली की टपाल खात्याची गरज नाही. तीन दिवसांत अकरा जणींचे फोन. माझा कुठल्या ग्रहाचा, एवढंच सगळ्यांना हवं. मी हजेरीपट मांडीवर घेऊन बसते. खेकडा मंगळावरचा. तीन डोळ्यांचा बुधाचा. स्वानंदीच्या, नव्या लग्नाच्या मुलीच्या, वाट्याला शुक्र आलाय, ती फारच खूश आहे.

एक वाईट बातमी. सरोजिनी नगरच्या लताने पाल पुढे देऊन टाकली. तिच्याकडच्या हळदीकुंकवात वाण कमी पडलं, तेव्हा मिळालेल्या पुड्या न उघडता पुढे लुटल्या. एरवी मी चार शब्द सुनावले असते, पण गेल्या वर्षीच्या तिच्या साबणदाण्या मी तशाच खपवल्या होत्या. पाल जनकपुरीला गेली आहे. लताला म्हटलं, ती राहूची आहे. लता रडायला लागली. राहू जनकपुरीत नेऊन सोडला तर पाप कुणाला, विचारत होती. म्हटलं, परत आणलास तर कुणालाच नाही.

संध्याकाळी चेतनाने नागपूरला फोन लावला, रविवारी लावतेच. बराच वेळ बोलली आणि खुदुखुदू हसत होती. विचारलं तर म्हणाली, बाबांना इथल्या थंडीबद्दल सांगत होते. थंडीत हसण्यासारखं काय आहे, देव जाणे.

३ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांचं कार्ड आलं. श्यामकांतांना दिसू लागलंय, पहिली गोष्ट म्हणाले, दादा तू म्हातारा झालास. पुढे लिहिलंय, ‘घरची मंडळी खुशाल असतील. सर्वांचा दौरा सुखाचा होवो.’ कसला दौरा? कोणी कुठे गेलेलं नाही. नागपूरला वय वाढतं की काय माणसाचं?

आज एस्तेरबाई रणपिसे आल्या. नगरकडच्या, ख्रिस्ती, सफदरजंग हॉस्पिटलात मेट्रन होत्या. आर. के. पुरमपासूनची ओळख, वाण घेतात, कुंकू नाही, आणि गुळाची पोळी माझ्याहून चांगली करतात. पिशवीतून गुरूचा शिपाई काढून टेबलावर ठेवला. याला पंख आहेत आणि टक्कल आहे.

म्हणाल्या, “हेमलताबाई, सुहासिनीताई सांगत होत्या तसा शनी आमच्याकडे येत नाही. आमच्या पत्त्यावर दुसरे लोक येतात. खरं काय ते सांगा.”

सत्तावीस वर्षांत त्यांच्याशी खोटं बोललेले नाही, सवय नव्हती. सगळं सांगितलं. दाढीचंही सांगितलं. मेट्रन होत्या, त्यांनी दाढीवर मान हलवली, बाकीच्यावर नाही.

“मग मागायचं ना सरळ,” म्हणाल्या. “मी दिला असता.”

“वाण परत मागत नाहीत.”

“तुमच्यात मागत नाहीत. खोटं बोललेलं चालतं का?”

म्हटलं, त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

त्या हसल्या आणि टकल्या माझ्याकडे सरकवला. मी त्यांना लिंबूयंत्र दिलं. त्यांनी त्यावर टिचकी मारली, पण त्यांची टिचकी लागत नाही.

एकोणीस राहिले.

८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रकरण हाताबाहेर गेलं.

मंडळाच्या बैठकीत सुहासिनीने उभं राहून सांगितलं, की ग्रहांच्या शिपायांचं वाण त्यांच्या माहेरी वाईला पिढ्यान् पिढ्या आहे. तिच्या पणजीने म्हणे लाकडाचे शिपाई लुटले होते. शनीला काळे तीळ आणि मंगळाला मसुरीची डाळ द्यावी लागते, हेही तिने सांगितलं. मला विचारलं, वहिनी, तुमच्याकडे मसूर नसतो का? म्हटलं, आमच्याकडे मिरजेला तांदूळच. आता मी रचलेल्या गोष्टीत मीच कमी पडते.

परिणाम असा, की ज्यांना वाण मिळालं नव्हतं त्या बायका चिडल्या. आम्हाला वगळलं म्हणतात. काही जणींनी बाजारातून विकत आणले. सलोनी सांगत आली, “आजी यार, सरोजिनी मार्केटमध्ये गगनदल संपलं. दुकानवाला विचारत होता, इतनी आंटियाँ क्यों खरीद रही हैं?” ही मुलगी वर्षभर मैत्रिणींना घरी आणत नव्हती, आजोबा खेळण्यांशी खेळतात म्हणून. आता मैत्रिणींच्या आया फोन करून विचारतात, तुमच्याकडच्या पूजेला यायचं का?

पालीचा पत्ता लागत नाही. जनकपुरीहून तिला कोणी फरिदाबादला वाण म्हणून दिली. लता दोन बसा बदलून फरिदाबादला गेली, तिथल्या बाईने ती मोलकरणीला दिली होती. मोलकरीण गावी गेली आहे.

यशोधन म्हणाला, आई, वीस आले तरी खूप झाले, बाबांना कळणार नाही. हा कारखान्यात काय तपासतो कोण जाणे. त्याच्या वडिलांनी छत्तीस वर्षांत एक टाचणी हरवू दिली नाही.

खरं लिहायचं तर मला झोप लागत नाही. मला त्या पालीचं काही नाही. पण पाय निखळला होता तेव्हा हे सबंध दुपार चिमटा आणि गोंद घेऊन बसले होते, आणि चार वाजता मला हाक मारून म्हणाले होते, चालायला लागली बघ. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, मला एवढ्या उत्साहाने हाक मारलेली ती दुसरी वेळ. पहिली वेळ गॅस कनेक्शन मिळालं तेव्हा.

१२ फेब्रुवारी, शनिवार. रथसप्तमी

पाय तुटले आहेत, तरी लिहून ठेवते.

सकाळी गॅलरीत शेणी पेटवून दूध उतू घातलं. शेणी वॉचमनने गावातून आणून दिली, पण धुरामुळे सोसायटीच्या सेक्रेटरीने वर येऊन विचारलं, फायर ब्रिगेड बुलाऊँ? त्याला तिळाचा लाडू दिला.

नवापासून बायका यायला लागल्या. ताटात शिपाई, शेजारी तांदूळ, काळे तीळ, मसूर. कुणी त्यांना शेले घातले होते. खेकड्याच्या दोन्ही नांग्यांना हळदकुंकू. स्वानंदीने शुक्राला हलव्याचे दागिने केले होते, काटेरी हलवा, चांगला जमला होता. मी एकेकाला हातात घ्यायचे, पाय वर करून नंबर बघायचे आणि पाटावर ठेवायचे. बायकांना वाटलं, हाच विधी. त्यांनीही पाय बघून नमस्कार करायला सुरुवात केली.

अकरापर्यंत सतरा खरे आले, घरचे दोन धरून एकोणीस. बिननंबरी किती, मोजायचं सोडून दिलं. पाल नाही.

सुहासिनी ओरोकला घेऊन आली, काळ्या रेशमी पिशवीत, हात लांब धरून. म्हणाली, दोन आठवडे घरात ह्यांना शिंक आली तरी मी त्याच्याकडे बघायची. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला थोडं वाईट वाटलं. थोडंच. मी तिला आधी चहा दिला आणि मग लिंबूयंत्र.

आणि एवढ्यात दार उघडंच होतं त्यातून हे आत आले. संध्याकाळी येणार होते. हातात बॅग, संत्र्यांची करंडी, डोक्याला मफलर. बैठकीत पंधरा-वीस बायका, पाटावर त्यांची सगळी माणसं ओळीने, कपाळाला कुंकू लावलेली. मी आधी ह्यांची हनुवटी बघितली. दाढी एका दिवसाची, गाडीतली.

मी म्हणणार होते की रंगवाल्यांनी खोकं हलवलं. तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच आतून काही आलं नाही.

ह्यांनी चष्मा पुसला, पाटाजवळ वाकले, बोटाने मोजले. मोजायला वेळ लागला.

मग म्हणाले, “मंजूर पदं एकवीस आहेत. हे चौतीस कसे?”

म्हटलं, “तुम्ही नव्हतात. भरती झाली.”

“तीन ओरोक आहेत.”

“मग काय झालं? तुमच्या खात्यात कुठे एक साहेब होता?”

ह्यांनी मान हलवली. ते खरंच होतं. मग पुन्हा ओळीवरून नजर फिरवली, एकदा इकडून, एकदा तिकडून. मला कळलं काय शोधतायत ते. ‘बरं’ म्हणाले. मी गॅलरीच्या दाराकडे बघितलं. ते उघडं होतं, धुरासाठी मीच उघडलं होतं.

तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या आणि लता आली, केस विस्कटलेले, एका पायात चप्पल उलटी. पहाटे पलवलला जाऊन मोलकरणीच्या घरून आली होती. पदरातून पाल काढली. त्या घरी तिला बारकी चोळी शिवली होती, लाल, काठ लावून. लता मला म्हणाली, राहू आणला हो, आता मला काही होणार नाही ना?

ह्यांनी पालीचा पाय वाकवून बघितला. चालत होता.

“हिला प्रवासभत्ता द्यावा लागेल,” म्हणाले आणि बूट काढायला बसले.

१३ फेब्रुवारी, रविवार

हे नऊ वाजता दाढी करून टेबलाशी बसले. रविवार आहे म्हटलं, तर म्हणाले काम साचलंय. जास्तीचे चौदा ‘राखीव’ म्हणून वेगळ्या खोक्यात ठेवलेत. पालीची चोळी राहू दिली आहे. खेकड्याचं कुंकू जात नाही, त्याचा शेरा लिहिला.

हे अंघोळीला गेले तेव्हा फडका मारता मारता हजेरीपट बघितला. गंमत अशी, की २३ जानेवारीपासून एकवीसच्या एकवीस जणांपुढे ‘दौऱ्यावर’ लिहिलंय. ह्यांच्या अक्षरात, शाईने, एकही खाडाखोड नाही. मिसेस भसीननी आणला तो घंगाळ्या २४ तारखेला रुजू, एस्तेरबाईंचा टकल्या ३ तारखेला रुजू, हेही बरोबर. नागपूरला बसून ह्यांना कसं कळलं? चेतनाला विचारलं तर भांडी घासायची आहेत म्हणून पळाली. भांड्यांना बाई आहे आपल्याकडे. म्हाताऱ्यांचे अंदाज कधी कधी बरोबर येतात, दुसरं काय.

सगळ्यात खाली, बावीस नंबरला, नवी ओळ होती. ‘सौ. हेमलता. नेमणुकीचं ठिकाण : पृथ्वी. पद : हंगामी. शेरा : विनापरवानगी बदल्या केल्या. कारणे दाखवा.’

न्हाणीघरात पाणी वाजत होतं. मी टेबलावरची पेन्सिल घेतली. कारणबिरण काही लिहिलं नाही, माझं अक्षर चांगलं नाही. ‘हंगामी’ खोडलं आणि वर ‘कायम’ लिहिलं. त्रेचाळीस वर्षं म्हणजे काही थट्टा नाही.

मग फडका मारला आणि पोहे टाकायला गेले. पोह्यांवर लिंबू यंत्राने पिळलं. गळतं. सुहासिनीला सांगायचं नाही.